साडेपाचला जाणाऱ्या बाई

४ मार्च

आठवं जोडपान तिसऱ्यांदा फाडलं. कपाट जमतं, माणसं जमतात, पण माणसांनी कपाट उचललंय असं काही वाटत नाही — कपाटालाच माणसं लटकली आहेत असं दिसतं! वजन येत नाही. पस्तीस वर्षं मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढतेय आणि अजून वजन काढता येत नाही, म्हणजे कमाल आहे.

गोष्ट एवढीशीच. एक माणूस पाठीवर कपाट घेऊन निघतो. रस्त्यात एक अनोळखी बाई म्हणते, एक कोपरा मी धरते. पुढे पोस्टमन दुसरा धरतो. मग न्हावी, मग शाळेचा शिपाई. चार कोपरे संपतात तरी माणसं येतच राहतात. एक चिमुरडी दाराची मूठ धरते आणि तिला वाटतं, सगळा भार तिच्यावरच आहे. कोणी कोणाला ओळखत नाही. कोणी विचारतही नाही, की बाबा रे, कपाट चाललंय कुठे. ह्यांनी चार वर्षांपूर्वी लिहिली. तेव्हा ह्यांच्या फक्त किल्ल्या हरवत होत्या. किल्ल्या काय, सगळ्यांच्याच हरवतात — असं मीच म्हणत होते.

शेवटच्या पानावर ह्यांच्या अक्षरात "आणि मग" एवढंच आहे. आमची पद्धतच तशी. अठरा पुस्तकं केली दोघांनी, आणि दर वेळी शेवटचं वाक्य चित्रं पुरी झाल्यावर. बाहेरच्या खोलीत दोरी बांधायची, सगळी पानं चिमट्यांनी टांगायची. हे हात पाठीमागे बांधून दोन दिवस फेऱ्या मारणार, चिडचिड करणार, तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता वाक्य सांगणार. आधी मागितलं की म्हणायचे, तू काय काढणार आहेस ते मला कुठे माहीत आहे?

आता चित्रं आज ना उद्या होतील. वाक्य कोण देणार?

५ मार्च

वाचता येतं ह्यांना अजून. खणखणीत. लिहिताही येतं, अक्षर तेच सुरेख. आज आमचंच सातवं पुस्तक घेऊन बसले होते. एका दमात वाचलं, मिटलं, मुखपृष्ठावरचं नाव बघितलं — स्वतःचं! — आणि मला विचारलं, "कोण हा गृहस्थ? बरं लिहितो."

मी म्हटलं, लिहितो बरं, पण डोकं फार खातो.

खूप हसले. मीही हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

७ मार्च

ठकीचा फोन. पोरगी एकोणचाळीसची झाली, दोन मुलांची आई, तरी आम्हाला ती ठकीच. ती जाऊन संस्था बघून आली. अशाच माणसांसाठी आहे. खोल्या स्वच्छ, बाग आहे, बागेला कुंपण आहे, नर्सबाई कोणावर ओरडत नाहीत. एक तारखेपासून एक खोली रिकामी होतेय, महिनाअखेरपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवतील. फॉर्म तिने भरलाय. माझी सही तेवढी राहिली.

"आई, अशाने त्यांच्या आधी तू जाशील," म्हणाली.

मी म्हटलं, पुस्तक होऊ दे. कधी होईल, विचारलं. शेवटचं वाक्य राहिलंय, म्हटलं.  त्या दोरीखालीच खेळत मोठी झाली ती, तिला वेगळं सांगायला नको.

म्हणजे पुस्तक संपलं की हे जाणार. आणि मी इथे आठवं पान तीन-तीनदा फाडत बसलेय. मला कळत नाही असं थोडंच आहे.

८ मार्च

ठकीला साडेपाचची गोष्ट सांगितलेली नाही. ती मलाही खुळ्यात काढेल.

सकाळपासून मी ह्यांच्यासाठी कोणी परक्या बाई. लग्न झाल्यापासून मी ह्यांना अहो म्हणते आणि हे मला अगं. आता दिवसभर घरात दोघंही अहो! बसा बाई. घ्या बाई. तुम्हाला उगाच त्रास. काल मी उन्हात बसले होते तर आपणहून पडदा ओढला. खरं सांगायचं तर एकेचाळीस वर्षं अगं असताना एवढा मान मिळाला नव्हता.

साडेपाच वाजले की घालमेल सुरू. "बाई, उशीर झाला. घरी तुमची वाट बघत असतील." पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी भांडले. हेच माझं घर म्हणून ओरडले, लग्नाचा फोटो नाचवला तोंडापुढे. बिचारे घाबरून भिंतीला चिकटून उभे राहिले. मला कधी घाबरले नव्हते जन्मात! तेव्हापासून भांडण बंद. आता मी मुकाट्याने उठते, पर्स घेते, चपला घालते, येते हं म्हणते. दारापर्यंत पोचवायला येतात, जिना जपून उतरा म्हणतात. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापर्यंत जाते, वळते, परत येऊन बेल वाजवते.

दार उघडतं आणि — "आलीस? किती उशीर! एक बाई आल्या होत्या. चांगल्या होत्या हो. आत्ताच गेल्या."

मग तासभर मी अगं. कधी तासाहून कमी. पण त्यातल्या त्यात वीस मिनिटं तरी माझ्यावर नीट खेकसतात.

त्या तासाच्या भरवशावर बाकीचा दिवस काढते.

११ मार्च

आठवं पान जमलं! वजन हातात नसतंच, गुडघ्यात असतं. सकाळी "बाईंना बसायला" म्हणून ह्यांनी कोपऱ्यातली जड खुर्ची उचलून आणली. मी नको नको म्हणत राहिले आणि एकीकडे गुडघे बघत राहिले. खुर्चीत बसले आणि तशीच, चहा गार होईपर्यंत, काढत सुटले.

आता बघते तर कपाटवाला माणूस नकळत हेच झालेत. तोच वाकलेला खांदा, तोच एक पाय बाहेर टाकायचा. प्रकाशकबाईंना पानांचे फोटो पाठवले तर त्याही म्हणाल्या, माणूस ओळखीचा वाटतो. मी म्हटलं, तुम्हाला वाटतो ना, मग झालं.

१३ मार्च

आज "आलीस" म्हणायच्या आधी जरा थांबले. जिन्यातला दिवा गेलाय, त्यामुळे असेल.

१४ मार्च

दिवा लावून घेतला होता. तरी.

बेल वाजवली, दार उघडलं. ह्यांच्या चेहऱ्यावर तेच दिवसभराचं सभ्य हसू. "अहो बाई, काही राहिलं का?"

 छत्री राहिली, म्हटलं. सगळ्या घरभर शोधली. पलंगाखाली वाकून बघितलं. शेवटी माझीच छत्री आणून माझ्या हातात दिली, आणि पुन्हा दारापर्यंत पोचवायला आले. जिना जपून उतरा!

उतरले. काय करणार? खाली फाटकाशी पंधरा मिनिटं उभी राहिले, छत्री घेऊन, कोरड्या ठणठणीत रस्त्यावर. पुन्हा बेल. पुन्हा, काही राहिलं का. तेव्हा मात्र अवसान गळालं. मी म्हटलं, माझ्या घरी कोणी नाही. थोडा वेळ बसू का इथे?

"बसा की. त्यात काय," म्हणाले. "माझी बायको येईलच इतक्यात."

मग आम्ही दोघं बसलो. हे दाराकडे बघत, मी ह्यांच्याकडे बघत. साडेसात झाले. म्हटलं जेवून घेऊ या का. नको म्हणाले, ती आली की जेवू, तिला एकटीला जेवण जात नाही.

१५ मार्च

नाही.

१६ मार्च

नाही. दोनदा जाऊन आले. चष्मा काढून गेले, पूर्वीसारखी वेणी घालून गेले. ह्या वयात वेणी! औषधवाला बघत राहिला. नाही.

१८ मार्च

चित्रं पुरी झाली. सगळी. आज दोरी बांधली.

आणि हे उठले! कोणी सांगितलं नाही, काही नाही — हात पाठीमागे बांधले आणि पहिल्या पानापासून फेऱ्या सुरू. मी स्वयंपाकघराच्या दारात श्वास धरून उभी. तीच चाल. तसंच सहाव्या पानापाशी थांबून नाक खाजवणं. मी हळूच कागद-पेन्सिल टेबलावर ठेवली आणि आत गेले, कारण समोर कोणी उभं राहिलेलं ह्यांना चालायचं नाही.

अर्ध्या तासाने बघते तर खरंच लिहिलं होतं. कागदावर नाही, तिसऱ्या चित्राच्याच खाली, लाल पेन्सिल कुठून शोधली देव जाणे — "छान. सुधारणा आहे." आणि खाली सही.

लग्नाआधी चार वर्षं शाळेत शिकवायचे. बहुतेक तिथे गेले होते.

रबराने पुसलं तर लाल पुसट राहतंच. राहू दे.

२० मार्च

प्रकाशकबाईंचा फोन. छपाई चोवीस तारखेला. सगळी चित्रं स्कॅन होऊन आली, शेवटचं वाक्य कुठे? त्या वाईट नाहीत. गेल्या महिन्यात ह्यांना भेटून गेल्या होत्या, त्यांना दिसलं असेलच. तरी विचारतात कसं, की ते काय म्हणतात? जणू हे बाहेरच्या खोलीत फेऱ्या मारताहेत.

मी उद्या देते म्हटलं. आणि मीच लिहिलं. दहा मिनिटांत! "आणि मग त्या रस्त्यावर कोणीच कोणाला परकं राहिलं नाही." फोनवर वाचून दाखवलं. बाईंनी पुन्हा एकदा वाचायला लावलं. म्हणाल्या, त्यांचा हात अजून तस्साच आहे बघा.

मी हो म्हटलं. एकेचाळीस वर्षांत ह्यांच्या खिशाला हात लावला नाही, आणि आज वाक्य लावलं ह्यांच्या नावावर.

२१ मार्च

हे लिहून ठेवलंच पाहिजे, जसंच्या तसं.

माझं वाक्य चिठ्ठीवर लिहून शेवटच्या चित्राखाली चिमट्याने लावलं होतं. ह्यांनी सकाळी पुन्हा सगळी पानं वाचली, मोठ्याने. मजा येत होती त्यांना. चिमुरडीच्या पानावर तर टाळी दिली मला. शेवटाशी आले, वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हे वाक्य ह्या माणसाचं नाही."

 कशावरून, म्हटलं.

"हा कुठेच शिकवत नाही. कोण आलं, कोणी काय धरलं, एवढंच सांगतो. आणि इथे एकदम उपदेश? कोणीतरी मागाहून शेपूट लावलंय. माणूस चांगला असेल. लेखक नव्हे."

आज महिना कोणता हे ह्यांना सांगता येत नाही. सकाळी चपला फ्रिजमध्ये होत्या. आणि हे कळतं! असा राग आला, आणि त्याच्या दुप्पट माया आली, की वाटलं गळ्यात पडावं. पण परक्या बाईने कसं पडायचं? चिठ्ठी काढली, फाडली. विचारलं, मग काय हवं होतं इथे?

खूप वेळ चित्राकडे बघत राहिले. मला वाटलं येतंय, आलंच. 

"ते त्यालाच विचारा ना," म्हणाले. "मला कसं कळणार?"

२२ मार्च

प्रकाशकबाईंना सांगितलं — शेवटच्या पानावर वाक्य नाही. "आणि मग" सुद्धा काढा. नुसतं चित्र. रस्त्याच्या मध्ये कपाट खाली ठेवलंय आणि सगळी त्याला टेकून बसलीत, पाय पसरून. चिमुरडी झोपलीये.

बाई म्हणाल्या, मुलं विचारतील की पुढे काय झालं. मी म्हटलं, विचारू देत. आपणही विचारतोच की. परवाच्या वाक्याचं काय, बाईंनी विचारलं, ते तर त्यांनीच दिलं होतं ना? तेव्हा मी खरं सांगितलं.  मग म्हणाल्या, बरं. तुम्ही म्हणाल तसं.

२४ मार्च

पुस्तक गेलं छापायला. दोरी काढली. आता सबब संपली.

२५ मार्च

दुपारी खुर्चीत डोळा लागला माझा. जागी झाले तर दार सताड उघडं. हे नाहीत. अनवाणीच धावले. रस्त्याला गाड्यांच्या चार रांगा, आणि मी वेड्यासारखी प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड बघतेय.

औषधाच्या दुकानात होते. औषधवाल्याने स्टुलावर बसवलं होतं, पाणी दिलं होतं, गल्ल्यामागचा पंखा ह्यांच्याकडे वळवला होता. बायकोला शोधायला आलो म्हणत होते — ती ह्याच बाजूला येते रोज, साडेपाचला.

औषधवाल्याला आमचं नावही माहीत नाही. थेट गाडीखाली गेले असते, आजी, म्हणाला. मी स्वतः रस्ता ओलांडून आणलंय त्यांना. आणि मग हळूच, एकटीने होत नाही हो हे.

पुस्तकात बरं असतं. कोपरे चारच असले तरी पाचवं माणूस मूठ धरायला येतं. इथे मी एकटी, आणि मला डुलकी लागते.

२७ मार्च

आज रडले हे. मी कधी बघितलं नव्हतं. आई गेली तेव्हासुद्धा नाही.

साडेपाच वाजून गेले तरी मला जा म्हणाले नाहीत. म्हणाले, "बाई, मला कोणी सांगत नाही. पण माझी बायको गेली ना?"

काय सांगू? नाही म्हटलं तर हे रोज दाराकडे बघणार, नाहीतर रस्त्यावर जाणार. आहे, हीच आहे, समोर बसलीये, असं म्हटलं तर पुन्हा भिंतीला चिकटणार. मी ह्यांचा हात हातात घेतला. तो त्यांनी सोडवला नाही.

काय झालं हो तिला, ह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, दमली होती फार.

मान हलवली. खरं आहे, म्हणाले. रागीट होती, पण हात असा की कागदावर चिमणी काढली तर खिडकी लावून घ्यावी. तिला कधी म्हटलं नाही मी तसं. सारखी पानं फाडायची, मीही फाड म्हणायचो.

मी माझ्याच समाचाराला गेले होते आज. तास-दीड तास बसले. जाणाऱ्याबरोबर जाता येत नाही, स्वतःला सांभाळा, असं सगळं म्हटलं, जसं आपण म्हणतो. उलट तेच मला म्हणाले, तुम्ही रडू नका, तुमची तर ओळखही नव्हती तिची.

२९ मार्च

ठकी परवा गाडी घेऊन येणार. फॉर्म टेबलावर. सकाळपासून तीनदा पेन उचललं.

सही करणं म्हणजे टाकणं. ठकी म्हणते, टाकणं नाही, सोपवणं. शब्द बदलून काय होतं? एकेचाळीस वर्षं ह्या माणसाने मला विचारल्याशिवाय पूर्णविराम दिला नाही, आणि मी त्याला न विचारता त्याची खोली ठरवणार. म्हणून दुपारी विचारलंच. सगळं नीट सांगितलं, माझा नवरा असा असा आहे, त्याला तिथे ठेवू का? लक्ष देऊन ऐकलं. मग म्हणाले, बाई, हा तुमच्या घरचा प्रश्न, मी काय बोलू. आणि उठून खिडकीशी गेले.

रागावतील का? एवढंच मला कळायला हवं. तिथे गेल्यावर एखाद्या दिवशी, पाच मिनिटांसाठी, सगळं आठवलं, आणि मी शेजारी नाही — तर रागावतील का माझ्यावर? कोणाला विचारू? कोणाला माहीत असणार?

डोळे मिटताहेत. इथेच जरा डोकं टेकते.

तारीख माहीत नाही

बाई, तुम्हाला टेबलावरच झोप लागली म्हणून उठवलं नाही. वही उघडी होती. दुसऱ्याचं खाजगी वाचू नये. वाचलं. माफ करा.

तुमच्या यजमानांची हकीकत वाचून फार वाईट वाटलं. त्यांना काही कळत नाही आणि तुम्हाला सगळं कळतं, हे जास्त वाईट. मघाशी तुम्ही विचारलंत तेव्हा परक्याने बोलू नये असं वाटलं. पण इथे तुम्ही पुन्हा विचारलंय, आणि उत्तर द्यायला दुसरं कोणी दिसत नाही.

त्यांना जाऊ द्या. ते रागावणार नाहीत. मी त्यांच्या जागी असतो तर रागावलो नसतो.